लॅबमधल्या कंपायलरचे रंग 'ऑटो'वरच राहू द्या: मराठवाड्यातल्या लॅब सांभाळणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, जालना, बीड, धाराशिव अन् संभाजीनगर, या जिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरच्या लॅब ज्यांच्या हातात आहेत त्या सगळ्या लॅब असिस्टंट, सिस्टिम अॅडमिन अन् लॅब इनचार्ज सर-मॅडमना हे पत्र आहे. टर्म सुरू व्हायच्या आधीचे दिवस म्हणजे तुमच्याकडं फॉरमॅटिंगचे दिवस, एक मास्टर मशीन तयार करायचं, त्यावर लिनक्स टाकायचं, जीसीसी (सी अन् सी प्लस प्लसचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं अन् त्यातल्या चुका दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, सगळं नीट चाललं की क्लोनझिला लावून बाकीच्या मशीनवर तेच उतरवायचं, अन् मग वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून आत्ताच लिहायलोय. कंपायलरनं एरर अन् वॉर्निंग रंगात दाखवायच्या का, अन् दाखवायच्या तर कधी, एवढ्याच गोष्टीबद्दल आहे हे.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. जीसीसी जसं येतं तसं रंगाचं सेटिंग 'ऑटो'वर राहू द्या, म्हणजे समोर टर्मिनल (कमांड द्यायची खिडकी) असलं तरच रंग. 'ऑलवेज' (कायम रंग) करू नका, 'नेव्हर' (कधीच रंग नाही) पण करू नका. अन् रंग दिसले नाहीत तरी मेसेज पूर्ण कळेल, याची खात्री मास्टर मशीनवरच करून घ्या.

मी नांदेडला सी अन् सी प्लस प्लस शिकवतो, प्रॅक्टिकलच्या सीझनला एक्स्टर्नल म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतही जाणं होतं, त्यामुळं वेगवेगळ्या लॅब बघायला मिळतात. टर्बो सीची निळी स्क्रीन सोडून बऱ्याच ठिकाणी आता उबंटू नाहीतर बॉस लिनक्सवर जीसीसी आलंय, हे लई चांगलं झालं. पण रंगाच्या बाबतीत जिथं जावं तिथं वेगळंच. कुठं सगळं जसंच्या तसं सोडलेलं असतं अन् तिथं काहीच अडचण नसते, कुठं रंग जबरदस्तीनं कायम चालू, कुठं पार बंद. विचारलं तर कुणाला आठवतही नाही की हे कधी अन् कामून केलं, आधीच्या माणसानं केलं होतं म्हणून पुढं चालू.

आता तुम्ही म्हणाल सेटिंगच तर आहे, ज्याला नको त्यानं बदलून घ्यावं. पुण्यातल्या कंपनीत बसलेल्या माणसाला हे लागू पडतं, त्याचा लॅपटॉप त्याचा स्वतःचा. आपल्याकडं तसं नाही. लॅबमध्ये सगळ्यांना मिळून 'स्टुडंट' नावाचं एकच लॉगिन, पासवर्ड फळ्यावर लिहिलेला, कितीतरी ठिकाणी मशीन रिस्टार्ट केलं की होम फोल्डर पुन्हा कोरं होतं. कंधार, मुखेड, जिंतूर, औसा इकडून एसटीनं येणाऱ्या कितीतरी लेकरांकडं घरी कॉम्प्युटरच नाही, त्यांच्यासाठी कंपायलर म्हणजे लॅबमधला तो एक तास अन् शेजारी बसलेला पार्टनर. त्यांना बॅशआरसी (टर्मिनल उघडताना चालणारी सेटिंगची फाइल) काय असतं ते माहीत नसतं, माहीत असलं तरी बदल टिकत नाही. म्हणजे तुम्ही मास्टरवर जे ठेवलं तेच त्यांच्यासाठी शेवटचं. डिफॉल्ट ठरवणारा माणूस हा बदलू न शकणाऱ्यांसाठी निर्णय घेत असतो, अन् आपल्या लॅबमध्ये जवळजवळ सगळेच बदलू न शकणारे आहेत. एवढ्यासाठीच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

जीसीसी बनवणाऱ्यांनी स्वतः हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. रंगाची सोय जीसीसी ४.९ मध्ये आली, २०१४ च्या एप्रिलमध्ये. पण तेव्हा त्यांनी रंग सरसकट चालू केले नाहीत, 'जीसीसी_कलर्स' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रोग्रामना मिळणारं सेटिंग) तुम्ही सेट केलं असेल तरच ऑटो, नाहीतर रंग नाहीत, असं डिफॉल्ट ठेवलं. पुढच्या वर्षी, २०१५ ला जीसीसी ५ आलं तेव्हा डिफॉल्ट ऑटो केलं. म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरनं एक आख्खं व्हर्जन लोकांना वापरून बघू दिलं अन् मग ठरवलं. त्या काळाची खूण उबंटूच्या बॅशआरसीत अजून सापडते, नवीन युजर बनवला की त्याच्या फाइलमध्ये 'कलर्ड जीसीसी वॉर्निंग्ज अँड एरर्स' अशी एक कॉमेंट अन् तिच्याखाली जीसीसी_कलर्सची एक ओळ, पण पुढं हॅश लावून बंद केलेली. बरेच जण ती ओळ बघून हॅश काढतात, त्यांना वाटतं याच्यानंच रंग येतात. आता त्याची गरज राहिलेली नाही, शिवाय त्या ओळीत चुकीची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या रंगाचं 'कॅरेट' हे जुनं नाव आहे, जीसीसी ६ पासून त्या जागी 'रेंज१' अन् 'रेंज२' आलेत. ती ओळ आहे तशी बंदच राहू द्या.

ऑटो म्हणजे नेमकं काय, तर कंपायलर मेसेज छापायच्या आधी बघतो की मेसेज जातोय कुठं. एरर जातात स्टँडर्ड एररवर, ते टोक खऱ्या टर्मिनलला जोडलेलं आहे का हे 'इझ-ए-टीटीवाय' या फंक्शननं विचारतो, अन् टर्मिनल 'डम्ब' (रंग न समजणाऱ्या) प्रकारचं नाही ना एवढं तपासतो. समोर टर्मिनल असलं तर रंग, फाइल नाहीतर पाइप (आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडं नेणारी वाट) असला तर साधा मजकूर. बस्स इतकंच. पण याच्यामुळं माणसाला माणसासारखं अन् फाइलला फाइलसारखं मिळतं.

आता 'ऑलवेज' केल्यावर काय होतं ते जरा जवळून सांगतो, कारण हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय, कॉलेजांची नावं घेत नाही. लॅबच्या कॉमन बॅशआरसीत कुणीतरी जीसीसीचा एलियस (कमांड दिली की तिच्या जागी आपोआप बसणारी दुसरी कमांड) करून ठेवलेला असतो, त्यात 'एफ-डायग्नॉस्टिक्स-कलर' ला 'ऑलवेज'. स्क्रीनवर सगळं छान दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग जर्नलची वेळ येते. डीबगिंगच्या प्रॅक्टिकलला एररचं आउटपुट जर्नलला जोडायचं असतं, पोरगी शिकवल्याप्रमाणं नीट कमांड देते, प्रोग्राम कंपाइल करून एरर एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवते, पेन ड्राइव्हवर घेते, अन् गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट मागते. दुकानदार नोटपॅडमध्ये फाइल उघडतो अन् तिथं काय, तर फाइलचं नाव अन् लाइन नंबरच्या आधी चौकटी कंस, शून्य एक, एम, के, मग एक डबा, पुन्हा कंस, ०१;३१, अन् त्या सगळ्या कचऱ्याच्या मधोमध कुठंतरी 'एरर' हा शब्द. एकेका ओळीत असे कितीतरी तुकडे. ते म्हणजे एस्केप कोड, २७ नंबरचं न दिसणारं कॅरेक्टर अन् त्याच्या मागं रंगाचा आकडा, टर्मिनलला ते कळतं, नोटपॅडला अन् प्रिंटरला कळत नाही. तो कागद तसाच फाइलला लागतो. व्हायवाला समोरचे सर विचारतात हे काय छापलंय, अन् त्या पोरीकडं उत्तर नसतं, कारण तिनं काहीच चुकीचं केलेलं नाही. तिनं दिलेली कमांड बरोबर, प्रोग्राम बरोबर, चूक तिला न दिसणाऱ्या एलियसची. मार्क मात्र तिचे जातात. मी एक्स्टर्नल असलो तर तिथं थांबून लेकरांना समजावून सांगतो, पण दरवेळी समोरच्या परीक्षकाला वेळ असेलच असं नाही.

फक्त प्रिंटचंच नाही. कुठं ऑलवेज एलियसऐवजी सीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये टाकलेलं असतं, मग ते मेक (कंपाइल करून देणारं टूल) मधून पण लागू होतं. विम एडिटरमधून मेक चालवून थेट एररच्या ओळीवर उडी मारायची सोय असते, तिला ओळीची सुरुवात फाइलच्या नावानं झालेली लागते, सुरुवातीलाच एस्केप कोड बसला की ती उडी चुकते. सबमिशन तपासायला एखाद्या सरांनी छोटी स्क्रिप्ट लिहिलेली असते, फाइलचं नाव, कोलन, लाइन नंबर असं शोधणारी, ती गपचूप शून्य एरर सांगते. अन् शून्य एरर आले की सगळ्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

ऑलवेज ठेवणाऱ्यांचं कारण मला माहीत आहे, अन् ते खोटं नाही. फायनल इयरचे प्रोजेक्ट सीमेक अन् निंजा या मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणाऱ्या टूलवर चालतात, निंजा प्रत्येक कंपायलरचं आउटपुट आपल्याकडं पाइपमध्ये गोळा करतो अन् मग एकदम दाखवतो, त्यामुळं जीसीसीला वाटतं समोर टर्मिनल नाही अन् रंग जातात. पोरं तक्रार करतात, सर रंग गेले, मग कुणीतरी सगळ्या लॅबलाच ऑलवेज लावून टाकतं. पण दुखणं एका प्रोजेक्टचं अन् औषध पूर्ण लॅबला कामून द्यायचं? सीमेक ३.२४ पासून, म्हणजे २०२२ पासून, त्याच्यात 'सीमेक_कलर_डायग्नॉस्टिक्स' नावाचं वेगळं व्हेरिएबल आहे, ते त्या प्रोजेक्टपुरतं चालू करा, रंग परत येतात, अन् निंजाचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर निंजा स्वतःच ते कोड काढून टाकतो. रस्ट भाषावाल्यांसाठी त्यांच्या कार्गो या टूलचं 'कार्गो_टर्म_कलर' आहे. लेस (आउटपुट पानापानानं दाखवणारी कमांड) मधून रंगीत बघायचं असलं तर त्या एका कमांडला ऑलवेज लावा अन् लेसला मोठा आर द्या. जबरदस्ती करायचीच असेल तर ती जिथं लागते तिथंच करा, सगळ्यांच्या लॉगिनमध्ये नको.

आता दुसरी बाजू, 'नेव्हर'वाले. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं की प्रिंट ब्लॅक अँड व्हाइटच काढायची असते, मग रंग कशाला, पोरांचं लक्ष उडतं. मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या वर्षाच्या लेकराला एक सेमिकोलन राहिला की कधी कधी दहा-पंधरा ओळी अंगावर येतात, सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटमध्ये चुकलं तर आख्खी स्क्रीन भरून वर पळते. बारावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकून आलेल्या पोराला ती सगळी इंग्रजी वाचून त्यातून पहिली एरर कोणती ते शोधायचं असतं. अशा वेळी ठळक लाल 'एरर' अन् ठळक फाइलनाव-लाइन नंबर म्हणजे त्याच्या डोळ्याला मिळालेला हात असतो. वर स्क्रोल करत जा, पहिलं लाल जिथं दिसलं तिथं थांब, तिथली ओळ बघ, खालचं सगळं नंतर, असं मी शिकवतो अन् ते पोरांना पटकन जमतं. जांभळी वॉर्निंग अन् लाल एरर यांच्यातला फरक त्यांना रंगामुळं लवकर बसतो, की एक प्रोग्राम थांबवते अन् दुसरी थांबवत नाही पण वाचायची दोन्ही. ही मदत आपण आपल्या हातानं काढून घेऊ नये, विशेषतः ज्यांना ती सगळ्यात जास्त लागते त्यांच्याकडून.

पण रंग हीच एकमेव खूण असली तर ते पण चालणार नाही, अन् इथं मला थोडं सविस्तर लिहायचंय.

लाल-हिरवा फरक नीट न दिसणारी मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण ८ टक्के धरतात, आपल्याकडं त्याहून कमी, पण मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त असतं कारण ते एक्स क्रोमोसोमवरून येतं. मोठ्या बॅचमध्ये असा एखादा पोरगा निघतो अन् बहुतेक वेळा तो सांगत नाही, काहींना स्वतःलाच माहीत नसतं. जीसीसीनं इथं शहाणपणा केलाय, 'एरर', 'वॉर्निंग', 'नोट' हे शब्द रंगाबरोबर कायम असतात, चूक कुठं आहे ते दाखवायला खाली टोपीसारखी खूण अन् लाटांची रेघ येते, काय काढायचं अन् काय घालायचं ते डिफमध्ये (बदलांच्या यादीत) लाल-हिरव्यात दाखवलं तरी पुढं वजा अन् अधिक असतंच. वेबसाइटसाठीचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यात पण हेच लिहिलंय की माहिती फक्त रंगातून सांगू नका, अन् साध्या अक्षरासाठी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा. ते नियम वेबचे असले तरी डोळे तेच आहेत. म्हणून 'आउटपुट लहान दिसावं' म्हणून ती टोपीची खूण बंद करणारा ऑप्शन जर कुणी लॅबमध्ये लावला असेल तर कृपा करून काढा, २०१३ मध्ये जीसीसी ४.८ ला ती खूण आली अन् नवशिक्यासाठी मला विचाराल तर रंगापेक्षाही ती मोठी गोष्ट आहे.

दुसरं, प्रोजेक्टर. मे महिन्यात दुपारी लॅबमध्ये बसून बघा, उकाड्यानं खिडक्या उघड्या, पडदे नाहीत, बाहेर ४२ अंशाचं ऊन अन् भिंतीवर प्रोजेक्टर. लाल अन् जांभळा एकसारखेच फिकट गुलाबी दिसतात. जीसीसीची 'रेंज२' म्हणजे ३४ नंबर, निळा, काळ्या टर्मिनलवर मागच्या बाकाला दिसतच नाही. हा निळ्याचा त्रास आपल्याच लॅबचा नाही, विंडोजच्या कन्सोलमधला जुना गडद निळा काळ्यावर वाचता येत नाही म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये तो बदलून उजळ केला. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये 'नोट' हा शब्द सुरुवातीला ठळक काळ्या रंगात होता, काळ्या स्क्रीनवर तो कसा दिसत असेल ते तुम्हीच बघा, नंतर त्यांनी तो आकाशी केला. अन् आकाशी पांढऱ्या टर्मिनलवर पुसट होतो. यातून काय कळतं, तर कंपायलर फक्त नंबर पाठवतो, ३१ म्हणजे नेमका कोणता लाल ते तुमचं टर्मिनल ठरवतं. म्हणजे निम्मं डिफॉल्ट कंपायलरवाल्यांच्या हातात अन् निम्मं तुमच्या. मास्टर मशीनवर कुणाला आवडली म्हणून सोलराइज्डसारखी थीम टाकू नका, त्यात उजळ रंगांच्या जागी करडे रंग बसवलेत, अन् 'ठळक अक्षर उजळ रंगात' हे सेटिंग चालू असलं की ठळक हिरवा मजकूर करडा होऊन बसतो. साधी, जास्त कॉन्ट्रास्टची प्रोफाइल ठेवा. ज्या मशीनला प्रोजेक्टर जोडलेला आहे त्या एका मशीनवर जीसीसी_कलर्समध्ये एररला ०१;०७ द्या, म्हणजे ठळक अन् उलट, पाटी उजळ अन् अक्षर गडद, तिथं रंगाचा प्रश्नच येत नाही अन् शेवटच्या बाकाला पण एरर कुठंय ते दिसतं. हे मी माझ्या तासाला वापरतो, चांगलं चालतं.

तिसरं, ज्याला रंग नको त्याला बंद करायचा रस्ता माहीत पाहिजे. कंपाइल करताना रंगाचा ऑप्शन 'नेव्हर' द्यायचा, नाहीतर जीसीसी_कलर्स रिकामं ठेवायचं, जीसीसी रंग बंद करतं. 'नो_कलर' नावाचा पण एक रिवाज २०१७ पासून आहे, ते व्हेरिएबल सेट असलं की ते मानणारे प्रोग्राम रंग घालत नाहीत. तो रिवाज चांगला आहे, पण तो ज्याचा त्यानं वापरायचा, लॅबच्या कॉमन एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये टाकायचा नाही, नाहीतर पुन्हा सगळ्यांसाठी नेव्हरच झालं. त्यापेक्षा लॅबच्या दाराला जिथं 'चप्पल बाहेर काढा' लावलेलं असतं तिथंच एक कागद लावा, मराठीत, दोनच ओळी: रंग बंद कसे करायचे अन् एरर फाइलमध्ये कशा घ्यायच्या. पोरं वाचतात, खरंच वाचतात.

क्लोन मारायच्या आधीची तपासणी चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात होते. एक छोटा सी प्रोग्राम घ्या, एक सेमिकोलन काढा, एक व्हेरिएबल न वापरता सोडा, 'वॉल' हा वॉर्निंग दाखवायचा ऑप्शन लावून कंपाइल करा. स्क्रीनवर लाल अन् जांभळं दिसलं पाहिजे. मग तीच कमांड एरर फाइलमध्ये वळवून द्या अन् ती फाइल कॅट (फाइल स्क्रीनवर दाखवणारी कमांड) ला न दिसणारी कॅरेक्टर दाखवणारा 'व्ही' लावून बघा, कुठंही टोपी अन् चौकटी कंस दिसला तर कुठंतरी ऑलवेज लपलंय. मग स्क्रीनशॉटची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा अन् एरर कोणती, वॉर्निंग कोणती हे फक्त कागदावरून सांगता येतंय का ते बघा. अन् हे 'स्टुडंट' लॉगिननं करा, रूटनं (अॅडमिनच्या लॉगिननं) नाही, कारण रूटची बॅशआरसी वेगळी असते अन् तिथं सगळं बरोबर दिसेल.

विभागप्रमुखांना पण विनंती, या कामासाठी लॅब असिस्टंटला वेळ द्या. टर्मच्या आदल्या रात्री क्लोन करायला लावलं तर कुणी काही तपासू शकत नाही, अन् मग दोष त्याच्यावर येतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या लॅबमध्ये हे आधीच नीट आहे त्यांनी शेजारच्या कॉलेजातल्या मित्राला एक फोन करा, आपल्याकडं लॅबवाले एकमेकांना ओळखतात. बाकीच्यांनी मास्टर मशीनवर ईटीसी फोल्डरमधली बॅश डॉट बॅशआरसी, एन्व्हायर्नमेंट अन् प्रोफाइल डॉट डी मधल्या फाइली उघडून 'डायग्नॉस्टिक्स-कलर', 'जीसीसी_कलर्स' अन् 'नो_कलर' हे तीन शब्द शोधा, प्रोजेक्टरचं मशीन सोडून बाकी कुठं सापडले तर त्या ओळी काढा, अन् मगच इमेज बनवा.

आपला,
नांदेडहून सी शिकवणारा एक शिक्षक